मगदूम बाईंचा आवाज

माझा आवाज मिळणार नाही, हे मी केतकीला दारातच सांगितलं. तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात आवाज टिपायची काळी पेटी आणि चेहऱ्यावर लाडीगोडीचं हसू. हे हसू मी ती पहिलीत असल्यापासून ओळखते.

"आई, आत तरी येऊ दे."

"तू ये. पेटी बाहेर राहू दे."

पेटीही आत आली. केतकी माझीच मुलगी आहे, हट्टात माझ्यापेक्षा तसूभर कमी नाही.

मी शैलजा मगदूम. कृष्णाकाठच्या आमच्या गावात मुलांना गणित शिकवते आणि निवृत्तीच्या उंबऱ्यावर आहे. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली बांधलेल्या म्हशींनाही सतराचा पाढा येतो, अशी गावात चेष्टा चालते. चालू दे. मी पाठांतराच्या बाजूची बाई आहे आणि ते कधी लपवलेलं नाही. मध्यंतरी शासनाला उपयोजनाचा झटका आला होता. घोकंपट्टी बंद, मुलांना बाजारात न्या, गणित जगायला शिकवा. मीही नेली मुलं बाजारात. आठ साते किती ते एकाला आठवेना, त्याच्या पायी भाजीवाली खोळंबली आणि तिच्या मागची रांग माझ्या नावाने ओरडायला लागली. पाढा तोंडात असला की डोकं मोकळं राहतं आणि मोकळ्या डोक्यानेच व्यवहार कळतो, यापलीकडे मला त्यात मोठं शास्त्र दिसत नाही.

पण माझ्या पाठांतराची एक रीत आहे. पाढा म्हणताना मी मधेच एक आकडा मुद्दाम चुकीचा म्हणते. त्याला आम्ही चोर म्हणतो. ज्याच्या कानाला तो खटकेल त्याने "चोर!" म्हणून ओरडायचं आणि खरा आकडा सांगायचा. मग पाढा पहिल्यापासून. कधी कधी मुलं खऱ्या आकड्यालाच चोर ठरवतात आणि असा दंगा होतो की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात. केतकी माझ्याच वर्गात होती. पाढ्यांचा तिला मनस्वी कंटाळा, पण चोर पकडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ती माझ्या ओठांकडे बघून हसायला लागायची.

आता ती धारणा नावाच्या पुण्याच्या कंपनीत होती. धारणापट्टा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये बसवण्याची जबाबदारी तिच्यावर होती आणि पट्टा न बसवलेला तालुक्यातला शेवटचा वर्ग तिच्या आईचा होता.

मी तिला धपाटे वाढले. तिने खाता खाता मला समजवायला घेतलं, जणू मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दिवसभरात आपण जे शिकतो ते झोपेत पक्कं होतं. गाढ झोपेत मेंदू दिवसाची उजळणी करतो, कामाचं वाटेल ते कायमच्या जागी नेऊन ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. पट्टा त्या उजळणीत हात घालतो. जेवणानंतर मुलांना वर्गातच सतरंज्यांवर झोपवायचं. कपाळावरचा पट्टा मेंदूतल्या संथ लहरी ओळखतो आणि लहर चढणीला लागली की नेमकी एक ओळ कानाशी कुजबुजतो. त्याच क्षणी कपाळाला विजेचा अगदी हलका स्पर्श होतो. झोपलेला मेंदू ती ओळ उचलतो आणि जन्मभरासाठी ठेवून देतो. जे दोन वर्षांत पाठ होत नाही ते पंधरवड्यात होतं.

मात्र त्याला कोणाचाही आवाज चालत नाही. झोपेतही मेंदू राखणीला बसलेला असतो आणि परका आवाज आला की माणसाला जागं करतो. निदान वर्षभर रोज ऐकलेला, भरवशाचा आवाज लागतो. शाळेत तो वर्गशिक्षकाचा. यंत्राने हुबेहूब आवाज बनवता येतो हे खरं, पण खोट्या आवाजांनी लोकांना लुबाडण्याचे प्रकार फार झाले तेव्हा कायदा आला. माणसाचा आवाज त्याच्या मालकीचा. त्याने स्वतः बोलून संमती दिल्याशिवाय वापरला तर तुरुंग. म्हणून पाचवीपासून मीच शिकवत आलेला माझा सातवीचा वर्ग अजून मोकळ्या कपाळाने बसत होता.

"पाढ्यांसाठी मागितला असतास तर कदाचित विचारही केला असता," मी म्हणाले. "पण यंदा तुम्ही साचे घालताय."

"तेच तर! पाठांतर की उपयोजन, हा सगळा वादच आम्ही संपवलाय, आई." तिचे डोळे खरंच चमकले. "व्यवहारातली गणितं किती प्रकारची असतात? काळ-काम, नफा-तोटा, नळ-हौद, क्षेत्रफळ. सगळ्यांचे साचे काढलेत. गणित कानावर पडलं की साचा आपोआप लागतो आणि उत्तर समोर. तुझं पाठांतरही झालं आणि माझं उपयोजनही झालं."

"आणि विचार?"

"विचारात वेळ जातो. कपाळामागे मेंदूच्या आतल्या बाजूला एक भाग आहे. काहीतरी चुकतंय असं वाटलं की तो टोचतो. शिकताना त्याचा फार अडथळा होतो. साचा बसवताना पट्टा त्याला गप्प करतो, फक्त त्या साच्यापुरता. मग शंका येत नाही."

"शंका येत नाही, हे तू मला कौतुकाने सांगतेस?"

ती थोडी गोरीमोरी झाली, पण हटली नाही. पुढच्या वर्षापासून तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा साच्यांवर होणार होती. बारा मिनिटांत साठ गणितं. पट्टा नसलेलं मूल त्यात निम्म्यापर्यंतही पोचणार नव्हतं. "तुझ्या तत्त्वांची किंमत तुझ्या मुलांनी भरायची का?" तिने विचारलं. मी तिच्या ताटात आणखी एक धपाटा टाकला आणि आवाज मिळणार नाही, असं पुन्हा सांगितलं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात पालकांची सभा झाली. मुख्याध्यापक चौगुले सर घामाघूम झाले होते. विस्तार अधिकारी थोरवत साहेब पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. केतकीने शेजारच्या माळवाडीच्या शाळेतला सातवीचा वर्ग बसने आणवला होता. त्यांना पट्टा बसून सहा महिने झाले होते.

आधी पालक बोलले. आयेशाची आई शबाना मुजावर उठली. तिलाही मीच शिकवलं होतं.

"बाई, तुमच्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार न्हाई. पर जमाना बघा की ओ. माळवाडीची पोरं तंत्रशाळेत जाणार आणि माझी आयेशा हितं बोटं मोजत बसणार? तुमचं काय, तुम्ही आता घरी बसणार. आमच्या पोरींचं वरीस वाया गेलं तर ते कोण भरून देणार?"

टाळ्या पडल्या. मला राग आला नाही, कारण बाई खरं बोलत होती.

मग सामना झाला. केतकी गणित वाचायची आणि दोन्ही वर्गांनी उत्तर सांगायचं. माझ्या वर्गाची धूळधाण उडाली, दुसरा शब्द नाही. केतकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत माळवाडीची मुलं एका सुरात उत्तर द्यायची. माझी मुलं अजून पेन्सिली चावत असायची. सहा गणितांनंतर आयेशाच्या डोळ्यांत पाणी आलं. विहान बोरगावे तर गणित सोडून छतावरचे पंखे बघायला लागला. थोरवत साहेब मोठ्याने हसले आणि त्यांच्याबरोबर सभागृहही हसलं. माझ्या मुलांना हसलेलं मला अजिबात खपत नाही.

मी उठले. "आता एक माझं. एक पापड उन्हात वाळायला तीन तास लागतात. चाळीस पापड वाळायला किती वेळ लागेल?"

"एकशेवीस तास!" माळवाडीचा सगळा वर्ग म्हणाला. एकाच वेळी, एकाच सुरात, आणि एकाच्याही कपाळावर आठी नाही.

माझ्या वर्गात मात्र भांडण लागलं. आयेशा एकशेवीसच म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, "यडी हाईस व्हय? तीनच की!" विहान पंख्यांवरून खाली आला. "बाई, गच्ची केवढी हाय? चाळीस पापड मावत्यात का तिथं?" तिसऱ्याने विचारलं, "आणि ढग आलं तर ओ?" आयेशाने डोळे पुसले, बोटांनी हवेत गच्ची काढली आणि म्हणाली, "थांबा, थांबा. एकदम घातलं तर तीन. माझं चुकलं." बायका हसल्या, पण आताचं हसू वेगळं होतं. घरोघरी वाळवणं घालणाऱ्या बायका त्या.

मी माळवाडीच्या मुलांकडे वळले. पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिला मी सावकाश समजावलं. पापड एकापाठोपाठ एक वाळत नाहीत, सगळे मिळून एकाच उन्हात वाळतात. तिने मान डोलावली. कळलं का? कळलं. मग चाळीस पापडांना किती वेळ?

"एकशेवीस तास," ती म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, मला कळतंय ओ. पर तेच येतंय."

पण केतकी तयारीची होती. "चांगली सूचना आहे," ती माइकवर म्हणाली. "हा साचा राहून गेला होता. पापड, कुरडया, साड्या, वाळवणाचे सगळे प्रकार पुढच्या आठवड्यात घालून टाकू. मग हीच मुलं तीन म्हणतील."

"आणि मी दुसरं विचारलं तर?"

"तेही घालू."

पालकांना हे पटलं. रोग सापडला, औषधही सापडलं. मंगळवारी माझ्या आवाजाचं ध्वनिमुद्रण करायचं ठरवून सभा उठली. मला कोणी विचारलंही नाही. पण माझं लक्ष सभेत नव्हतंच. मी पापडाचं गणित घातलं तेव्हा माझी नजर केतकीवर होती. माळवाडीच्या मुलांबरोबर तिचेही ओठ हलले होते. एकशेवीस.

संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर मेथी निवडत बसलो होतो. ती विजयाच्या तोऱ्यात होती आणि मला उगाच छेडत होती. मी पाढा म्हणायला लागले, नेहमीच्या चालीत.

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक चौसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी..."

दाही म्हटले. केतकी मान डोलावत मेथी निवडत होती.

"चोर कुठे होता?" मी विचारलं.

"नव्हता."

"सतरा चोक किती म्हणाले मी?"

"सतरा चोक अडुसष्ट. म्हणजे काय, अडुसष्टच म्हणालीस."

मी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. चौ-स-ष्ट. ती हसली. "आई, तू मला फसवतेस. अडुसष्ट म्हणतेस आणि वर विचारतेस." मला खोटं पाडायला ती आतून पेटी घेऊन आली आणि चालू केली. मी तिसऱ्यांदा पाढा म्हटला. पेटी ऐकलेलं लिहून दाखवते. पडद्यावर अक्षरं उमटत गेली आणि चौथ्या ओळीत चौसष्ट आलं.

केतकीने ती ओळ वाचली. पेटीतून माझा आवाज लावला, कान पेटीला टेकवून ऐकला, परत लावला.

"मला अडुसष्ट ऐकू येतंय," ती म्हणाली.

"तू कधी घातलास पट्टा?"

"तीन वर्षं झाली. मुलांना लावायच्या आधी आम्ही सगळ्यांनी स्वतःला लावून घेतला. पाढे, साचे, सगळं." ती पडद्याकडेच बघत होती. "पापड एकदम वाळतात हे मला कळतं, आई. मी काय मूर्ख आहे का? कळतं. पण आत एकशेवीस उभं आहे, ते जागचं हलत नाही. मला वाटायचं माझ्या एकटीचंच असं होत असेल."

"काढता येतं का ते?"

"नाही. अजून तरी नाही."

मला रडू आलं. माझ्या ओठांकडे बघून चोर पकडणारी माझी पोर! तिचे कान कोणीतरी येऊन बुजवले होते आणि ते तिने स्वतःच्या हौसेने बुजवून घेतले होते. असा संताप आला की समोर धारणा कंपनीचा मालक असता तर मेथीच्या जुडीने बडवला असता.

"मंगळवारी तू नाही म्हणालीस," केतकी म्हणाली, "तर त्याचा अर्थ काय होतो माहितीये? मी बिघडलेली आहे, असा. सगळ्या गावासमोर तू म्हणणार की माझ्या मुलीचं झालं तसं मी दुसऱ्या कोणाचं होऊ देणार नाही."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"नाव घ्यायची गरजच नाही. मला कळेल ना!" ती ओरडली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "मला चांगलं काम मिळालंय, आई. मी हुशार आहे. मी चुकत नाही!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने तो झटकला. मी परत फिरवला. ती हुशार होतीच. पण मंगळवारी मी काय करणार, हे माझं ठरलेलं होतं आणि तिलाही ते कळलं होतं. त्या दिवशी मेथीची भाजी केली खरी, जेवलो मात्र दोघीही नाही.

मंगळवारी माझ्या वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलं कपाळाला पट्टे बांधून ओळीने बसली होती. काहींना ती गंमत वाटत होती, आयेशा मात्र पट्ट्याखाली सारखं खाजवत होती. टेबलावर माइक होता, मागे केतकी पेटी घेऊन उभी होती. थोरवत साहेबांनी संमतीचा मजकूर माझ्यासमोर ठेवला. मी, अमुक अमुक, माझा आवाज या वर्गाच्या शिक्षणासाठी स्वखुशीने देत आहे. एवढं माइकमध्ये वाचायचं आणि मग साचे म्हणायला लागायचं. दारात पालकांची गर्दी होती.

मी माइक जवळ ओढला.

"मी, शैलजा आप्पासाहेब मगदूम," मी म्हणाले, "माझा आवाज देत नाही. या मुलांना मी जागेपणी शिकवते. त्यांना माझं पटलं नाही तर ती मला अडवतात, भांडतात, चुकतात आणि परत येतात. झोपलेल्या पोराच्या कानात मी काही सांगणार नाही, कारण तिथे ते मला 'नाही' म्हणू शकत नाही. ही माझी असंमती. नीट नोंदवून घ्या."

दारात कुजबुज वाढली. चौगुले सरांनी डोळे मिटले. थोरवत साहेब तांबडेलाल झाले.

"बाई, आजपासून तुम्ही निलंबित. कळतंय का तुम्हाला? निवृत्तिवेतन अडकेल."

"अडकू दे."

"उद्या दुसरा शिक्षक आणतो."

"आणा की. मुलांना त्याचा आवाज वर्षभर ऐकावा लागेल. मग बसवा पट्टे. तोवर ही मुलं आठवीत गेलेली असतील."

साहेबांनी दातओठ खाल्ले आणि केतकीकडे वळले. ते हळू बोलले, पण माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. "मॅडम, तुम्ही यांच्या घरीच राहताय ना? काहीतरी ध्वनिमुद्रण असेलच तुमच्याकडे. चार ओळी पुरतात म्हणे. संमतीचं मागाहून बघू. सही-शिक्का मी सांभाळतो."

पेटीत माझा पाढा होता. शनिवारचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चार ओळी कशाला, दहा ओळी होत्या. आवाज घडवायला यंत्राला तेवढं पोटभर पुरलं असतं. मला ते त्या क्षणी आठवलं. केतकीची तीन वर्षांची मेहनत, तिची बढती, तिची इभ्रत, सगळं त्या पेटीवरच्या एका बटणापाशी येऊन थांबलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तिने पेटी उघडली. बोट पडद्यावर टेकवलं, बराच वेळ तसंच ठेवलं. मग पडदा साहेबांकडे वळवला.

"होतं," ती म्हणाली. "आत्ता पुसलं."

"काय केलंत हे?"

"आईचा आवाज आईचा आहे. तुम्हाला हवा तर तुम्ही तुमचा द्या, साहेब. मुलं वर्षभर ऐकतील की."

दारात कोणीतरी खो खो हसलं. शबाना मुजावर वर्गात शिरली, सरळ आयेशाजवळ गेली आणि तिच्या कपाळावरचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. ती माझ्यावर अजून रागावलेलीच होती. पण साहेबांनी हळू आवाजात सांगितलेलं तिने ऐकलं होतं. तिच्यामागून आणखी काही बाया आत आल्या. सगळ्या नाही. काही मुलं पट्टे बांधूनच बसून राहिली, त्यांच्या घरच्यांना वाट बघायची होती.

मी निलंबित झाले. चौकशी अजून चालूच आहे. केतकीला जिल्ह्यावरून काढून पुण्याच्या कार्यालयात एका कोपऱ्यात बसवलं. ती महिनाभर माझ्याशी फोनवर बोलली नाही. मीही तिच्यामागे लागले नाही. तिला माझ्यावर चिडायचा पूर्ण हक्क होता.

दूध संस्थेचं जुनं संकलन केंद्र रिकामं पडलं होतं. संस्थेच्या लोकांनी कुलूप काढून दिलं. संध्याकाळी पाच वाजता मी तिथे वर्ग घ्यायला लागले. पहिल्या दिवशीच मुलांना स्पष्ट सांगितलं, "तंत्रशाळेच्या परीक्षेत बारा मिनिटांत साठ गणितं तुमच्याकडून होणार नाहीत. तुमच्यातले बरेच जण नापास होतील. पालकांना जाऊन सांगा, मग उद्या या." दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली. तिसऱ्या दिवशी माळवाडीहून सायकलवर दोन वेण्यांची ती मुलगी आली. दारात उभी राहिली आणि मी आले तर चालेल का, असं विचारलं. ये म्हणाले.

आम्ही पाढे म्हणतो, मग भांडतो. पट्टे लावलेली नवी सातवी आली तेव्हा शाळेने तिच्या चाचणीचा निकाल वर्तमानपत्रात छापून आणला. मी त्याचं कात्रण केंद्राच्या भिंतीवर लावलं आणि मुलांना त्यातली टक्केवारी तपासायला दिली.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी केतकी आली. फोन नाही, निरोप नाही. पाठीला पिशवी, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. ती मागच्या भिंतीशी, दुधाच्या कॅनच्या जुन्या चौथऱ्यावर बसली. मी पाहिलं आणि वर्ग तसाच पुढे चालू ठेवला.

"एका हौदाला दोन नळ आहेत," मी म्हणाले. "पहिला नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. आत्ता दोन्ही सोडले. हौद कधी भरेल?"

माळवाडीच्या मुलीचं उत्तर आलंच. विहान उठला. "नळाला पाणी कवा येतंय त्यावर हाय की, बाई. आमच्या गल्लीत परवापासनं थेंब न्हाई." त्यावरून तुंबळ जुंपली. एकाचं म्हणणं, हौद गळका असेल. दुसरीचं म्हणणं, तो आधीच अर्धा भरलेला असेल तर?

"मागे बसलेल्या बाईंना विचारू," मी म्हणाले.

सगळी मुलं मागे वळली. केतकी उभी राहिली. तिचं तोंड लगेच उघडलं.

"दोन तास चोवीस..."

ती थांबली. ओठ घट्ट मिटले. पिशवीचा पट्टा तिने दोन्ही हातांनी आवळून धरला. गळ्याची शीर ताठ झाली होती. आतलं उत्तर बाहेर यायला धक्के देत होतं आणि ती त्याला अडवून धरत होती. मला धावत जाऊन तिला धरावंसं वाटत होतं. मी गेले नाही. तिला काही सुचवलंही नाही.

"मला," केतकी म्हणाली. परत दोन तास म्हणायला लागली आणि परत थांबली. कपाळावर घाम आला. "मला माहीत नाही."

माळवाडीच्या मुलीने मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई," तिने हळूच विचारलं, "असं म्हटलेलं चालतं?"

"चालतं," मी म्हणाले. "आता शोधायला लागू. केतकी, मागे काय बसलीस? पुढे येऊन बस."